गल्ली गरीब करण्याचा खटाटोप

उस्ताज बहगत यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची भीती पहिल्यांदा वाटली ती कोबीच्या पानात भात भरताना. त्याआधी त्यांच्या घाबरायच्या गोष्टी अगदी ठरलेल्या होत्या. परक्या इमारतीतली लिफ्ट, कसायाच्या दुकानापुढची कुत्री आणि सासुरवाडीचा फोन. सर्वोच्च न्यायालय त्यांच्या पंगतीत येऊन बसेल असे त्यांना कधी वाटले नव्हते. ते न्यायालय मोठ्यांचे, घटनेबिटनेचा कीस काढणारे; आणि बहगत म्हणजे पाटबंधारे खात्यात जन्मभर कालव्यांचे नकाशे काढून निवृत्त झालेले, कोणाच्या अध्यात ना मध्यात असे गृहस्थ. पण त्या दिवशी टीव्हीवरच्या बाई हसतहसत म्हणाल्या की घरभाडे कायमचे गोठवून ठेवणे घटनेशी विसंगत आहे असे न्यायालयाने ठरवले आहे, आणि बहगत यांच्या हातातले पान तिथल्या तिथे उलगडले.

"अहो अबू सामेह, भात!" त्यांची बायको नगवा ओरडली. मुलाच्या नावावरून ती त्यांना अबू सामेह, म्हणजे सामेहचे बाबा, म्हणायची. "सगळा मांडीवर सांडलात!"

"भाताचं काय घेऊन बसलीस? घर चाललं!"

"कुठं चाललं? आपण बसलोय की घरात."

बायकांना घटना समजत नाही, असे बहगत मनात म्हणाले. मोठ्याने म्हणण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती.

आता घाबरायचे कारण. कैरोतल्या शुब्रा भागात, दोन खोल्या, एक बैठक आणि रस्त्यावरची बाल्कनी असलेल्या त्या घराचे भाडे होते महिना सात पौंड. बहगत यांच्या वडिलांनी घर घेतले तेव्हा सात पौंड म्हणजे रक्कम होती. माणूस सात पौंडांसाठी विचार करायचा. पुढे सरकारे आली, गेली, पाव महागला, साखर महागली, पण जुन्या कायद्याने भाडे सातावर खिळा मारून ठेवले होते. आता कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडे सात पौंड ठेवले तर तो त्यात फक्त गरम पाणी देतो, तेही ओळखीच्या माणसाला.

वरच्या मजल्यावर राहणारी मालकीण हज्जा दौलत हे भाडे घ्यायची नाही. घेतले तर सात पौंड कबूल केल्यासारखे होईल, असे तिच्या वकील भाच्याने तिला सांगितले होते. आणि न दिले तर भाडे थकवले म्हणून घराबाहेर काढतील, असे बहगत यांना सगळ्यांनीच सांगितले होते. तेव्हा बहगत दर महिन्याला बस पकडून कोर्टात जात आणि सात पौंड सरकारजमा करून येत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बहगत यांना त्या कोर्टातली कुठली पायरी हलते हेसुद्धा माहीत होते. जमा करायची फी भाड्याहून जास्त, बसचे तिकीट फीहून जास्त. पण सगळे मिळून ते घर फुकटच होते म्हणायला हरकत नव्हती, आणि म्हणूनच त्यांचा जीव घाबराघुबरा झाला होता. त्या घरात त्यांचा जन्म झाला होता. त्याच बैठकीत त्यांची आई वारली होती. पेन्शनमध्ये नवे घर बघायचे म्हटले तर वाळवंटातल्या कुठल्या तरी नव्या वस्तीत, जिथे बस जात नाही आणि पाववाला येत नाही, तिथे चौथ्या मजल्यावर जाऊन मरायचे. बहगत यांना मरायची भीती नव्हती. तिथे जाऊन मरायची होती.

न्यायालयाने बोट दाखवले, संसदेला कायदा करावा लागला. कायदा आला आणि त्यात एक भलतेच कलम निघाले. म्हणे शहरातल्या प्रत्येक गल्लीची श्रेणी ठरणार. उंची, मध्यम आणि किफायती. समिती येणार, रस्ता बघणार, दिवे बघणार, इमारतीचा रंगढंग बघणार. उंची ठरली तर भाडे इतक्या पटीने वाढणार की बहगत यांनी तो आकडा कागदावर काढला, आणि काढल्यावर कागद उलटा करून ठेवला. किफायती ठरली तर मात्र पेन्शनमध्ये कसेबसे भागत होते, मटण सोडले तर.

"म्हणजे काय करायचं?" नगवाने विचारले.

"म्हणजे गल्ली गरीब दिसली पाहिजे."

नगवाने त्यांच्याकडे बघितले. लग्न झाल्यापासून हा माणूस सगळ्यांना सांगत आला होता की आमची गल्ली म्हणजे शुब्र्यातली सभ्य गल्ली. सामेहसाठी मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी विहिणीला गल्लीचा इतिहास सांगितला होता. आता तेच तोंड घेऊन उलटे बोलायचे. खरे सांगायचे तर मध्यमवर्गीय माणसाला आपण श्रीमंत आहोत असे भासवणे सोपे असते, त्याची सवय असते. गरीब आहोत हे सिद्ध करायचे म्हणजे जिवावर येते.

पहिल्या दिवशी बहगत यांनी फक्त जिन्यातला दिवा काढला. एवढेच. तेही आजूबाजूला बघून, खिशात घालून. सरकारी दिवा नव्हता, स्वतःच्याच पैशाने त्यांनी तो लावलेला होता, तरी चोरी केल्यासारखे वाटले.

कॉफीवाल्याकडे बसल्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. एक जण म्हणाला, बाल्कनीत फाटके कपडे वाळत घाला. दुसरा म्हणाला, कपड्यांनी काय होतंय, उंची गल्लीतसुद्धा हल्ली फाटकेच घालतात, जनावर बांधा. जनावर बघितलं की समितीला कळतं. यावर तिथे अर्धा तास चर्चा झाली की गाढव बरे की बकरी. गाढव लाथ मारते, बकरी पळते, शेवटी मेंढी ठरली. कसाई ओळखीचा होता. बकरी ईदपर्यंत सांभाळा, चारा तुमचा, असे म्हणून त्याने एक मेंढी दिली. बहगत तिला दोरीने ओढत गल्लीत आले तेव्हा खालच्या मजल्यावरचे औषधवाले डॉक्टर वदीअ दुकानाच्या दारात उभे होते.

या डॉक्टरांचे इथे फक्त दुकान; घर समोरच्या इमारतीत, स्वतःच्या मालकीचे. गल्ली उंची ठरली तर त्यांच्या घराची किंमत वाढणार. त्यांनी आदल्या दिवशीच दारात दोन कुंड्यांत गुलाब लावले होते आणि फुटपाथच्या कडेला पांढरा रंग मारून घेतला होता.

"उस्ताज, हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"मेंढी."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"नातवाला आवडते."

"तुमचा नातू कुवेतमध्ये आहे."

"फोनवर बघतो तो तिला," बहगत म्हणाले आणि पुढे चालू लागले. मेंढी मात्र चालेना. तिने गुलाब बघितला होता.

त्या दिवसापासून गल्लीत दोन पक्ष पडले. मालकीची घरे असणारे झाडायचे, जुने भाडेकरू टाकायचे. डॉक्टर सकाळी नळीने फुटपाथ धुवायचे. बहगत दुपारी कोबीची पाने टाकून यायचे. डॉक्टर म्हणायचे, "या गल्लीत दोन डॉक्टर आहेत, एक निवृत्त ब्रिगेडियर आहेत, आणि संध्याकाळी नाईलचा वारा येतो!" बहगत म्हणायचे, "तो वारा मासळीबाजारावरून येतो, साहेब, नाक लावून बघा." वीस वर्षे हे दोघे एकमेकांच्या सणाला मिठाई पाठवत होते, पण आता पाठवायची तर कोणत्या श्रेणीची, हा प्रश्न होता.

समिती कधी येणार हे कळावे म्हणून बहगत वॉर्डाच्या कचेरीत गेले. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवले, दुसरीने पहिल्या मजल्यावर, आणि पहिल्या मजल्यावर ताअमियाची भजी भरलेली भाकर खात बसलेल्या एका गृहस्थाने विचारले, "तुम्हाला कशाला हवंय?"

"नागरिक म्हणून."

"समितीची तारीख गुप्त असते. नाहीतर लोक गल्ल्या सजवून ठेवतात."

"लोक बिघडवूनही ठेवत असतील," बहगत यांच्या तोंडून निसटले.

गृहस्थाने खाणे थांबवून त्यांच्याकडे पाहिले. "तुमची गल्ली कुठली म्हणालात?"

बहगत काही म्हणाले नव्हते, आणि आता तर मुळीच म्हणणार नव्हते. ते इतक्या घाईने जिना उतरले की छत्री तिथेच राहिली. मग चार दिवस दारावर टकटक झाली की ते न्हाणीघरात जाऊन बसत. नगवा दार उघडायची, तर दूधवाला.

पाचव्या दिवशी मात्र दूधवाला नव्हता. दोन तरुण मुली आणि एक दाढीवाला मुलगा होता, कुठल्याशा धर्मादाय संस्थेचे. त्यांनी मोठ्या अदबीने एक पिशवी पुढे केली. तांदूळ, तेल, साखर, मसूर. "चाचा, शेजाऱ्यांनी सांगितलं की तुमच्या घरची परिस्थिती... जिन्यात दिवासुद्धा नाही म्हणे... लाजू नका."

बहगत यांच्या कानशिलापर्यंत रक्त चढले. त्यांच्या वडिलांनी आयुष्यात कोणापुढे हात पसरला नव्हता, आणि त्यांच्या मुलाच्या दारात मसूर आला होता! त्यांनी सांगायला तोंड उघडले की मुलांनो, मी सरकारी नोकरीत होतो, माझ्या हातचे नकाशे अजून खात्यात लावलेले आहेत. पण तेवढ्यात त्यांच्या मनात आले, ही पोरे समितीला ओळखत असली तर? समितीला ही हकीकत कळली तर? त्यांनी तोंड मिटले, खांदे थोडे पाडले आणि म्हणाले, "देव तुमचं भलं करो." दार लागल्यावर ते पिशवीपुढे खुर्ची घेऊन बसून राहिले. कोणाला वाटेल नाटक होते. नाटक करतानाच त्यांना मनापासून वाईट वाटले होते, आणि ते नगवाला सांगायची सोय नव्हती, कारण ती साखर डब्यात ओतत होती.

"परत देऊ या," ते म्हणाले.

"देऊ की. साखर संपली की पिशवी परत देऊ."

या सगळ्यात हज्जा दौलत वरून सगळे बघत होती. म्हातारी ऐंशीची, एकटी, आवाज मात्र असा की तिने वरून दरवानाला "अवद!" अशी हाक मारली की शेजारच्या गल्लीतला अवदही यायचा. बहगत यांचे आणि तिचे भांडण इतके जुने होते की त्यात नवे काही उरले नव्हते. जिन्यात भेटले की दोघेही आपापली वाक्ये म्हणून मोकळे व्हायचे. हा निकाल लागल्यापासून तर तिचा भाचा हैसम वकील दर शुक्रवारी यायचा आणि जिन्यातून मोठमोठ्याने म्हणत जायचा, "मावशी, आता तू राणी होणार! उंची श्रेणी! बघ तू!" बहगत दाराआडून ऐकायचे आणि कडी पुन्हा एकदा लावून बघायचे.

एका दुपारी दार वाजले. काठीने वाजवलेले. न्हाणीघराकडे निघालेल्या बहगत यांना नगवाने कोपराला धरून परत आणले. दारात हज्जा दौलत.

"बहगत, ती मेंढी फार धष्टपुष्ट दिसते," ती म्हणाली. "समितीला वाटेल इथले लोक खाऊनपिऊन सुखी आहेत. दुसरी आण, हडकुळी."

बहगत यांना वाटले, म्हातारी टोमणा मारते आहे. ते आपले नेहमीचे वाक्य म्हणायच्या तयारीत होते. पण ती आत आली, बहगत यांच्या आईच्या जुन्या कोचावर टेकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "डॉक्टरनं सांगितलं मला. गल्ली उंची ठरली की घरावरचा सरकारी कर वाढतो. भाडं जेवढं मोठं लिहिलं जाईल, तेवढा कर मोठा."

"हैसमनं नाही सांगितलं?"

"हैसमला त्याची फी कळते. भाडं काय, तुम्ही द्याल तेव्हा द्याल. न्यायालयात जाल, स्थगिती आणाल, मी मरेन. करवाला मात्र दारात आधी येतो, आणि तो स्थगिती मानत नाही." तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने कपाळ पुसले. "माझ्या बापाचं शेत करापायी गेलं, बहगत. मला त्या लोकांची भीती वाटते. खोटं कशाला बोलू?"

बहगत यांनी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा चहा विचारला. तिने पहिल्यांदाच हो म्हटले. साखर धर्मादाय होती, पण ते कोणी बोलले नाही.

आणि मग काम नीट सुरू झाले. इतके दिवस बहगत एकटे, भीतभीत, खिशात दिवा घालून गरिबी आणत होते. हज्जा दौलतकडे दृष्टी होती. तिने सांगितले की गरिबी रस्त्यावर नसते, इमारतीत असते; समिती आत येणार, जिना चढणार. तिने आपल्या दारापुढच्या जिन्यातल्या भिंतीवरचा तो मोठा गालिचा उतरवून ठेवला, ज्यावर हरणे आणि कारंजे होते आणि ज्याच्याबद्दल तिला फार अभिमान होता. खालच्या सुताराकडून लाकडी टेकू आणवून बाल्कनीखाली उभे केले. "आणि भिंतीवर भेगा काढ," ती म्हणाली. "तू नकाशे काढायचास ना?"

हे ऐकून बहगत यांचे डोळे चमकले. निवृत्तीनंतर कोणी त्यांना काही काढायला सांगितले नव्हते. त्यांनी कोळसा आणि चहाचे पाणी मिसळून रंग केला, जुना कुंचला शोधला, चष्मा लावला आणि जिन्यात बसले. वरून सुरुवात केली, एक मूळ भेग, मग तिला फाटा, मग फाट्याला फाटा. जीव ओतून काढली. काढताना त्यांना भीतीचा पार विसर पडला आणि ते गुणगुणूही लागले.

नगवा कपडे वाळत घालून येताना थांबली. कंबरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिली.

"अहो, ही भेग नाहीये."

"मग काय आहे?"

"हा नाईलचा डेल्टा आहे. हा बघा पूर्वेचा फाटा, हा पश्चिमेचा. आता अलेक्झांड्रिया तेवढं लिहायचं राहिलं."

बहगत दुखावले. पण नंतरच्या भेगा त्यांनी जरा वेड्यावाकड्या काढल्या, आणि एक तर मुद्दाम कुठेच समुद्राला न मिळणारी काढली.

समिती आली ती कोणाच्या ध्यानीमनी नसताना, सोमवारी सकाळी. समिती म्हणजे एक इंजिनियर बाई, नाव रबाब, आणि तिच्यामागे फोनवर बोलणारा एक माणूस. डॉक्टर वदीअ पुढे होऊन गुलाब दाखवायला लागले. गुलाबाच्या जागी काटेरी काठ्या उरल्या होत्या, कारण मेंढीला हडकुळी करायची म्हणून बहगत यांनी चारा थांबवला होता. मेंढी ओरडली. बहगत जुना पायघोळ गलाबिया घालून जिन्यात उभे राहिले आणि त्यांनी खांदे पाडले. हज्जा दौलत वरून खोकत होती, गरजेपेक्षा जास्त.

बाईंनी मेंढीकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्या बाल्कनीखालच्या टेकूंपाशी थांबल्या. मग आत आल्या, जिना चढल्या, भेगा बघितल्या. त्यांचा चेहरा बदलला.

"इथं किती जण राहतात?"

"गरीब माणसं, बाई," बहगत म्हणाले. "कसंबसं..."

"ते नाही विचारत. श्रेणीचं काम केव्हाच झालं. ते कचेरीतच ठरलं, नकाशावरून. तुमची गल्ली मध्यम आहे. आम्ही फक्त पाहणीची नोंद करायला आलोय."

"मध्यम?" खालून डॉक्टर वदीअ ओरडले. "दोन डॉक्टर असून मध्यम?"

बहगत मात्र एक क्षण डोळे मिटून उभे राहिले. मध्यम! मेंढी, मसूर, कोबीची पाने, सगळे व्यर्थ, पण मध्यम. म्हणजे मटण गेले, कॉफीवालाही गेला, पण घर राहिले. त्यांना इतके हलके वाटले की बाईंच्या पुढच्या वाक्यातले पहिले दोन शब्द त्यांना ऐकूच आले नाहीत.

"...इमारत धोकादायक म्हणून कळवावी लागणार. बाल्कनीला टेकू, भिंती अशा तडकलेल्या. आजच रिकामी करायचा आदेश निघेल. सामान नंतर न्या, आधी माणसं बाहेर काढा."

बहगत यांच्या तोंडचे पाणी पळाले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, संसदेने, हैसमने मिळून जे केले नव्हते, ते त्यांनी स्वतःच्या कुंचल्याने केले होते.

"बाई, थांबा! खोट्या आहेत!" ते ओरडले. "भेगा खोट्या आहेत! मी काढल्यात! नगवा, फडकं आण! ओलं!"

"खोट्या?"

"कोळसा आणि चहा! बघा!" नगवाने फडके आणून दिले, आणि बहगत यांनी भिंतीवर हात मारला. पूर्वेचा फाटा गेला. पश्चिमेचा गेला. भिंत ओली, पिवळसर पण अखंड. बाई आता चांगल्याच चिडल्या. सरकारी कामात फसवणूक म्हणजे काय शिक्षा असते ते त्या सांगू लागल्या, आणि बहगत "हो बाई, हो बाई" म्हणत एकेक भेग पुसत एकेक पायरी वर जाऊ लागले. शिक्षा ऐकून घाबरत होते, तरी आत कुठेतरी सुटल्याचा आनंदही होता. दंड होईल, होऊ दे. घर राहील.

हज्जा दौलतच्या दाराशी शेवटची भेग होती. उभी, सरळ, छतापासून फरशीपर्यंत, न फुटता. बहगत यांनी फडके मारले. पुन्हा मारले. मग फडके पिळून, दोन्ही हातांनी घासले.

"जाईना?" नगवाने खालून विचारले.

"जाते, जाते. ही जरा..." ते थांबले. चष्मा पुसून त्यांनी जवळून पाहिले. "ही माझी नाही."

"म्हणजे?"

"मी अशी काढत नाही. हिला फाटाच नाही." त्यांनी बोट लावले. बोटाचे टोक आत गेले.

फोनवर बोलणाऱ्या माणसाने फोन खिशात टाकला. बाईंनी वर येऊन भेगेत पेन्सिल घालून बघितली. अर्धी पेन्सिल आत गेली. मग सगळे हज्जा दौलतकडे बघू लागले. म्हातारी दाराची चौकट धरून उभी होती, आणि तिचे खोकणे थांबले होते.

"इथं गालिचा होता," बहगत म्हणाले.

"म्हणूनच होता," हज्जा दौलत म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं? किती वर्षं?"

"आधी केसाएवढी होती. मग बोटाएवढी झाली. मग मी गालिचा लावला. परवा उतरवला तेव्हा वाटलं, तुझ्या भेगांमध्ये खपून जाईल."

"अहो, पण सांगायचं होतं! दुरुस्त करायची होती!"

"कशानं?" म्हातारी एकदम उसळली. "सात पौंडात? सात पौंडात सिमेंटची रिकामी गोणीसुद्धा येत नाही, बहगत! आणि तुला सांगितलं असतं तर तू कोर्टात गेला असतास, मालकीण इमारत पाडायला बघते म्हणून. गेला असतास की नाही? खरं सांग."

बहगत तिथेच, ओले फडके हातात धरून, त्या भेगेकडे बघत राहिले. या भिंतीच्या खाली त्यांची बैठक होती. आई जिथे पडून असायची, ती जागा बरोबर खाली. त्यांना वाटले होते ते घर कोणी तरी बाहेरून येऊन घेऊन जाईल. कोणी न्यायाधीश, कोणी वकील, कोणी टाय लावलेला माणूस. ते घर आत बसल्याजागीच थोडेथोडे जात होते, आणि ते दर महिन्याला बसने जाऊन त्याची पावती आणत होते. एवढी भीती त्यांना कधीच वाटली नव्हती.

"ओरडू नका कोणी," इंजिनियर बाई म्हणाल्या, आणि त्यांचाच आवाज खाली आला होता. त्यांनी पिशवीतून डबा काढला, थोडे जिप्सम पाण्यात कालवले आणि भेगेच्या मधोमध, दोन्ही काठांना धरून, तळहाताएवढा लगदा थापला. "हे वाळेल. भिंत हलत नसेल तर हे असंच राहील, मग दुरुस्ती करता येईल, आदेश काढणार नाही मी. भिंत हलत असेल तर याला चीर पडेल. चीर दिसली की त्याच क्षणी बाहेर. सामानासाठी मागं फिरायचं नाही. आठवड्यानं येते मी." जाताना त्या खाली डॉक्टरांना फक्त एवढेच म्हणाल्या की शटर हळू ओढत जा.

त्या गेल्या. जिन्यात बहगत, नगवा आणि हज्जा दौलत उरले, आणि मधे तो पांढरा लगदा. तिघेही त्याच्याकडे बघत होते. एवढ्यात खाली दरवाजा धाडकन उघडला आणि हैसम वकिलाचा आवाज आला, "मावशी! काय झालं? समिती आली होती म्हणे! उंची ना?" आणि त्याचे नवे बूट ताडताड जिना चढू लागले.

"श्श्श!" तिघांनी एकदम केले.

"काय श्श? मी विचारतोय, श्रेणी कुठली..."

"अरे मेल्या, बूट काढ!" हज्जा दौलत म्हणाली. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा ती कुजबुजत होती, आणि तो आवाज तिच्या ओरडण्यापेक्षा जास्त भीतिदायक होता. हैसमने बूट काढले. मोज्यांवर, भिंतीला न लागता, तो वर आला, आणि भेग बघितल्यावर हातातले बूट छातीशी धरून उभा राहिला.

बराच वेळ गेला. लगद्याला काही झाले नाही. निदान दिसले तरी नाही.

"बहगत," म्हातारी हळूच म्हणाली, "मिस्त्री माहीत आहे का तुला कोणी चांगला?"

"आहे. खात्यातला. बंधाऱ्यांवर असायचा."

"बोलाव त्याला. निम्मे तुझे, निम्मे माझे."

"आणि भाडं?" बहगत यांनी तितक्याच हळू विचारले. "मध्यमचं?"

"आधी भिंत राहू दे. मग भांडू कोर्टात." तिने चौकट सोडली आणि त्यांचा दंड धरला. "सावकाश भांडू."

"सावकाशच," बहगत म्हणाले.

मिस्त्रीला बोलवायचे तर कोणीतरी खाली जायला हवे होते. चौघेही जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले, आणि पहिले पाऊल कोणी टाकायचे, हे कितीतरी वेळ ठरेना.